गाठीत रक्तवाहिन्या भरपूर, तरी ऑक्सिजन कमी का?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. गाठ वाढली की आतल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, त्या व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडतात आणि त्या हाकेला नव्या रक्तवाहिन्या येतात. मग कमतरता भरून का निघत नाही? त्याच वाहिन्या औषधाने रोखल्या तर गाठ उपाशी मरायला हवी, ती का मरत नाही? आणि जाता जाता विचारलंय की पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये व्हीईजीएफचा स्टेन, म्हणजे ते प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी, मागवावी का.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे रोजचं काम गाठींच्या स्लाइड बघण्याचं. ऑक्सिजनची कमतरता, वाहिन्यांना बोलावणारा संकेत आणि प्रत्यक्षात पोचणारं रक्त या माझ्या लेखी तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकातल्या आकृतीत त्या बाणांनी एकामागे एक जोडलेल्या असतात. माणसाच्या गाठीत ते बाण बऱ्याचदा मध्येच तुटतात, आणि तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या तुटलेल्या जागी आहेत.

आधी अंतराचा हिशोब. केशवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन वाटेतल्या पेशी वापरत जातात, त्यामुळे साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे तो फारसा उरत नाही. १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या स्लाइडवर हे मोजून दाखवलं. त्या गाठींत पेशींचे दंडाकृती पुंजके होते आणि रक्तवाहिन्या पुंजक्यांच्या बाहेरच्या संयोजी ऊतकात होत्या. सुमारे १६० मायक्रॉनपेक्षा कमी त्रिज्येच्या पुंजक्यांत मध्यभाग जिवंत होता. त्रिज्या २०० मायक्रॉनच्या वर गेली की मधोमध नेक्रोसिस, म्हणजे पेशी मेलेला भाग, ठरलेला. पुंजका कितीही मोठा असो, कडेच्या जिवंत पेशींचा थर १८० मायक्रॉनच्या पुढे जात नव्हता. हे निरीक्षण करायला साधा सूक्ष्मदर्शक आणि मोजपट्टी पुरली, आणि आजही रोजच्या स्लाइडवर ते पडताळून बघता येतं. मेलेल्या मध्यभागाला लागून जो जिवंत थर असतो, तिथल्या पेशी सर्वांत कमी ऑक्सिजनवर तग धरून असतात. पुढची बरीचशी कथा त्यांचीच.

या पेशींना ऑक्सिजन कमी पडलाय हे कळतं कसं? इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण याच यंत्रणेत पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे.

हे कळवण्याचं काम एचआयएफ करतं. ते दोन भागांचं प्रथिन आहे. त्याचा बीटा भाग पेशीत कायम असतो. अल्फा भाग पेशी सतत बनवते आणि सतत मोडते. ऑक्सिजन पुरेसा असेल तर तो काही मिनिटांपलीकडे टिकत नाही. मोडण्याची रीत अशी: पीएचडी नावाची एन्झाइम्स अल्फा भागातल्या प्रोलिन या अमिनो आम्लाच्या दोन ठरावीक जागांवर, एचआयएफ-१ मध्ये ४०२ आणि ५६४ या क्रमांकांच्या, हायड्रॉक्सिल गट बसवतात. ती खूण व्हीएचएल हे प्रथिन ओळखतं, त्यावर युबिक्विटिन हे 'मोडा' सांगणारं लेबल चिकटतं आणि प्रोटिअसोम या पेशीतल्या मोडतोड-यंत्रात सगळ्याचा निकाल लागतो. पीएचडीला या कामासाठी ऑक्सिजन, लोह आणि २-ऑक्सोग्लुटारेट हे तिन्ही लागतात. शिवाय त्यांची ऑक्सिजनवरची पकड सैल आहे, त्यामुळे ऑक्सिजन थोडा घटला तरी त्यांचं काम मंदावतं. संवेदक म्हणून त्या चालतात त्या याच गुणामुळे. खूण बसली नाही की अल्फा वाचतो, केंद्रकात जाऊन बीटाशी जोडी करतो आणि कितीतरी जनुकं चालू करतो: व्हीईजीएफ, लाल पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन, ग्लुकोज आत घेणारं ग्लट-१, आम्लता सांभाळणारं कार्बोनिक अनहायड्रेज ९.

एचआयएफचा शोध सेमेन्झा यांच्या प्रयोगशाळेत १९९२ च्या सुमारास एरिथ्रोपोएटिनच्या जनुकावर काम करताना लागला. व्हीएचएल आणि ऑक्सिजन यांचा धागा १९९९ ते २००१ च्या दरम्यान रॅटक्लिफ आणि केलिन यांच्या गटांनी जोडला. या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. व्हीईजीएफची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने आली होती. १९८३ मध्ये ड्वोरॅक यांच्या गटाने गाठीतून निघणारा, रक्तवाहिन्या पाझरायला लावणारा घटक म्हणून ते आधी पकडलं. वाहिन्या वाढवणारा घटक ही त्याची ओळख १९८९ ची. हा क्रम लक्षात ठेवा. 'पाझरायला लावणारा' ही त्याची जुनी ओळख पुढे कामी येणार आहे.

आता पहिला तुटलेला बाण. वरची साखळी नीट पाहिली तर दिसेल की ऑक्सिजन हा त्यातला फक्त एक दुवा आहे. बाकी कुठलाही दुवा निखळला तरी एचआयएफ तितकंच साचतं, ऑक्सिजन कितीही असो. लोह काढून घेतलं तरी हेच होतं, म्हणून प्रयोगशाळेत डेस्फेरिऑक्सामिन किंवा कोबाल्ट क्लोराइड घालून 'खोटी' ऑक्सिजन कमतरता उभी करतात. सक्सिनेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम बिघडलेल्या पॅरागँग्लिओमा या गाठीत सक्सिनेट साचतं आणि पीएचडीला रोखून धरतं. पीआय३के-एमटॉर हा वाढीचा संकेतमार्ग चढलेल्या गाठींत एचआयएफचं उत्पादनच वाढतं. आणि सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे मूत्रपिंडाचा क्लिअर सेल कार्सिनोमा. त्यातल्या बहुतेक गाठींत व्हीएचएल जनुक निकामी झालेलं असतं. खूण बसते, पण वाचणारा कोणी नाही.

अशा गाठीची स्लाइड एकदा पाहिली की विसरत नाही. पारदर्शक पेशींची छोटी छोटी घरटी आणि प्रत्येक घरट्याभोवती बारीक केशवाहिन्यांची जाळी. इतकी की कापताना गाठ रक्ताळलेली दिसते. त्यावर कार्बोनिक अनहायड्रेज ९ चा स्टेन लावला की वाहिनीला चिकटून बसलेली पेशीसुद्धा चारी बाजूंनी तपकिरी होते, प्रत्येक पेशीला चौकट आखल्यासारखी. इथे ऑक्सिजन कमी असण्याचा प्रश्नच नाही. रक्त शेजारून वाहतंय. हाच स्टेन गर्भाशयमुखाच्या किंवा फुप्फुसाच्या स्क्वॅमस कार्सिनोमावर लावा. तिथे वाहिनीजवळचा थर कोरा राहतो आणि रंग चढतो तो नेक्रोसिसच्या कडेला, पट्ट्यासारखा. रंग एकच, प्रथिन एकच, अर्थ मात्र पूर्ण वेगळा: एका ठिकाणी जनुक तुटलंय, दुसऱ्या ठिकाणी खरोखर श्वास कोंडलाय. 'स्टेन पॉझिटिव्ह, म्हणजे हायपोक्सिया (ऑक्सिजनची कमतरता)' असं सरसकट लिहिलेले निबंध वाचले की माझी चिडचिड होते ती यामुळेच. पॉझिटिव्ह आहे का एवढंच पुरत नाही. कुठे पॉझिटिव्ह आहे, ते बघायचं.

दुसऱ्या टोकाला स्वादुपिंडाचा कॅन्सर. तिथे ऑक्सिजन खरोखर कमी असतो, पण वाहिन्या येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. दाट तंतुमय ऊतकात गाठीच्या ग्रंथी विखुरलेल्या, आणि ते ऊतक इतकं ताठ असतं की आहेत त्या केशवाहिन्याही दाबल्या जातात. सीटी स्कॅनवर ही गाठ आसपासच्या स्वादुपिंडापेक्षा फिकट दिसते ती त्यामुळे. संकेत नाही असं नाही. पण संकेत गेला म्हणजे वाहिन्या येतात आणि वाहतात, हे इथे खोटं ठरतं. बेव्हॅसिझुमॅब हे व्हीईजीएफला बांधून ठेवणारं औषध स्वादुपिंडाच्या प्रगत कॅन्सरमध्ये जेमसिटाबिन या केमोच्या जोडीला देऊन पाहिलं, मोठ्या चाचणीत फायदा झाला नाही. ज्या गाठीला मुळात वाहिन्यांवाचून जगायची सवय आहे, तिच्या वाहिन्या रोखून काय साधणार?

आता तुमचा मूळ प्रश्न: वाहिन्या आल्या तरी ऑक्सिजन का वाढत नाही? कारण गाठीतल्या वाहिन्या धड वाहिन्या नसतात. निरोगी ऊतकात व्हीईजीएफचा चढउतार पाहून एक पेशी टोकाला पुढे सरकते, तिच्या शेजारणींना डीएलएल४ आणि नॉच या प्रथिनांमार्फत 'तुम्ही थांबा' असा निरोप जातो, मग नळी बनते, पेरिसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशी येऊन तिला घट्ट करतात आणि संकेत बंद होतो. गाठीत संकेत बंदच होत नाही. परिणामी वाहिन्या कुठे फुगलेल्या, कुठे आंधळ्या गल्लीत संपणाऱ्या, पेरिसाइट सैल, धमनीतलं रक्त मधल्या मध्ये शिरेत पळवणारे आडमार्ग. शिवाय वाहिन्या पाझरतात. पाझरलेला द्रव उपसून नेणाऱ्या लसिकावाहिन्या गाठीच्या आत नीट चालत नाहीत. म्हणून पेशींमधल्या जागेत दाब चढतो आणि तोच दाब पातळ भिंतीच्या वाहिन्यांवर येतो. पाइपांचं जाळं वाढलं म्हणून नळाला पाणी येईलच असं नाही.

त्यामुळे गाठीत ऑक्सिजनची कमतरता दोन जातींची असते. एक वर सांगितलेली अंतराची: वाहिनी दूर, पेशी कायम उपाशी. दुसरी प्रवाहाची: वाहिनी अगदी शेजारी, पण तिच्यातलं रक्त काही मिनिटं ते काही तास मंदावतं किंवा थांबतं, मग पुन्हा सुरू होतं. काही वाहिन्यांतून प्लाझ्माच वाहतो, लाल पेशी जवळजवळ नसतात. स्लाइडवर ही दुसरी जात दिसत नाही, कारण स्लाइड म्हणजे एका क्षणाचं चित्र. वाहिन्यांची घनता मोजून ऑक्सिजनचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे नेहमी लक्षात ठेवावं. १९९१ मध्ये वाइडनर यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये सर्वाधिक दाट भागातल्या वाहिन्या मोजून त्याचा प्रसाराशी संबंध दाखवला तेव्हा केवढी धांदल उडाली होती. पण त्या आकड्यावरून औषध निवडता येत नाही, हे हळूहळू स्पष्ट झालं.

या मुद्द्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा उंदरांवरचा आहे. २००६ मध्ये दोन गटांनी डीएलएल४ हा थांबवणारा निरोपच अडवला. वाहिन्या कमी व्हायला हव्या होत्या? उलट त्यांचं रान माजलं. पण त्या वाहिन्या रक्त वाहून नेईनात, गाठीत ऑक्सिजन आणखी घटला आणि गाठ लहान झाली. वाहिन्या जास्त, रक्त कमी, गाठ छोटी: तिन्ही आकडे तीन दिशांना.

माणसात हे सगळं एकाच चौकटीत पाहायचं असेल तर ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरची स्लाइड घ्या. मधे नागमोडी नेक्रोसिसचा पट्टा. त्याच्या काठाला गाठीच्या पेशी दाटीवाटीने, लांबट केंद्रकं नेक्रोसिसच्या कडेला काटकोनात ठेवून रांगेत उभ्या. थोडं बाहेर सरकलं की मूत्रपिंडातल्या ग्लोमेरुलस या केशवाहिन्यांच्या गुच्छासारखे दिसणारे वाहिन्यांचे गुंडाळे. १९९२ मध्ये नेचरमध्ये आलेल्या दोन निबंधांनी दाखवलं की त्या रांगेतल्या पेशींतच व्हीईजीएफचा आरएनए उसळलेला असतो; त्यातल्या एकाने कमी ऑक्सिजन दिला की पेशी ते बनवतात हेही दाखवलं. एका मान्य स्पष्टीकरणानुसार सुरुवात एखादी वाहिनी गुठळीने बंद पडण्यापासून होते आणि ती रांग म्हणजे तिथून दूर पळणाऱ्या पेशींची लाट. आता गंमत बघा: एवढं व्हीईजीएफ, एवढे वाहिन्यांचे गुंडाळे, आणि नेक्रोसिस मात्र तिथेच. गुंडाळा झालेली वाहिनी पेशींनी गच्च भरलेली असते. रक्ताला वाट बारीकच.

कमतरता किती खोल असते याचे थेट आकडेही आहेत. बारीक सुईसारखं इलेक्ट्रोड गाठीत घालून ऑक्सिजनचा दाब मोजला जातो. निरोगी गर्भाशयमुखात मधला आकडा ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास येतो, तिथल्या कॅन्सरमध्ये १० च्या आसपास. हॉकेल, वाउपेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की ज्यांच्या गाठीत हा आकडा १० च्या खाली होता त्या स्त्रियांचं आयुष्य कमी ठरलं, आणि रेडिएशन घेतलेल्याच नव्हे तर शस्त्रक्रिया झालेल्याही. हे महत्त्वाचं आहे. रेडिएशनच्या बाबतीत कारण सरळ आहे: डीएनएवर झालेली इजा पक्की करायला ऑक्सिजन लागतो, तो नसेल तर तेवढ्याच पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. पण शस्त्रक्रियेने गाठ काढूनही फरक पडत असेल तर कमी ऑक्सिजनवर जगलेल्या पेशी मुळातच जास्त आडदांड, जास्त पसरणाऱ्या होतात असंच म्हणावं लागतं. एचआयएफच्या हाताखालच्या जनुकांची यादी पाहिली तर नवल वाटत नाही.

मग हिमोग्लोबिन वाढवून ऑक्सिजन पोचवावा, असं वाटणं साहजिक आहे. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत एरिथ्रोपोएटिन देऊन पाहिलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिमोग्लोबिन वाढलं, पण गाठीवरचा ताबा उलट बिघडला. रक्तात ऑक्सिजन असणं आणि गाठीतल्या पेशीपर्यंत पोचणं यांत किती अंतर आहे ते यात दिसतं. त्यापेक्षा डेन्मार्कमधला मार्ग शहाणपणाचा ठरला: निमोराझोल हे औषध ऑक्सिजनच्या जागी उभं राहून कमतरतेतल्या पेशींना रेडिएशनसाठी हळवं करतं. तिथे डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये ते नेमाने वापरलं जातं.

वाहिन्या रोखण्याच्या औषधांकडे येते. फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की वाहिन्यांशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही, म्हणून वाहिन्यांवरच घाव घाला. कल्पना तर्काला धरून होती. २००४ मध्ये बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. केमोसोबत दिल्यावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जगले तो काळ) १५.६ वरून २०.३ महिन्यांवर गेलं होतं. फायदा खरा, पण गाठ उपाशी मरण्याइतका नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठीची मान्यता २००८ मध्ये दिली आणि २०११ मध्ये काढून घेतली. ग्लिओब्लास्टोमात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत रोग वाढायला लागणारा वेळ लांबला, एकूण आयुष्य मात्र तेवढंच राहिलं. तिथे एमआरआय फसवतो हेही सांगायला हवं: औषधाने पाझर थांबला की कॉन्ट्रास्ट बाहेर पडत नाही, गाठ दोन दिवसांत विरघळल्यासारखी दिसते. पेशी असतात तिथेच असतात.

उपासमारीचा डाव का फसतो याची कारणं एकाहून जास्त आहेत. गाठ फक्त व्हीईजीएफवर अवलंबून नसते. एक रस्ता बंद केला की एफजीएफ, अँजिओपोएटिन वगैरे संकेतांचे दुसरे उघडतात. यकृत आणि फुप्फुसातल्या काही प्रसारगाठी तर नव्या वाहिन्या बनवतच नाहीत, तिथल्या आयत्या वाहिन्यांना कवेत घेत पसरतात. त्यांना या औषधांचा काय फरक पडणार? आणि तिसरं कारण, जे मला सर्वांत पटतं: वाहिन्या खरंच छाटल्या तर ऑक्सिजन आणखी घटतो, एचआयएफ आणखी चढतं आणि तगलेल्या पेशी आणखी चिवट निघतात. काही उंदरांमध्ये अशा उपचारानंतर गाठ जास्त आत शिरताना दिसली आहे. माणसात ते सरसकट होतं असं मी म्हणणार नाही.

मग फायदा झाला तिथे कसा झाला? राकेश जैन यांनी २००१ मध्ये उलटा विचार मांडला: योग्य मात्रेत हे औषध वाहिन्या मारत नाही, सुधारतं. जादा व्हीईजीएफ कमी झालं की पाझर घटतो, पेरिसाइट चिकटतात, दाब उतरतो आणि काही काळ रक्त, ऑक्सिजन आणि केमो तिन्ही बरं पोचतं. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ६ रुग्णांत एकाच डोसनंतर १२ दिवसांत गाठीतल्या द्रवाचा दाब उतरलेला मोजला गेला. पण त्याच रुग्णांत रक्तपुरवठाही घटलेला होता, म्हणजे छाटणी आणि सुधारणा दोन्ही एकदम चालू होत्या. ही खिडकी किती दिवस उघडी राहते ते गाठीगणिक बदलतं. अलीकडे यकृताच्या कॅन्सरमध्ये अटेझोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधासोबत बेव्हॅसिझुमॅब दिल्याने २०२० मध्ये चांगले निकाल आले, त्यात व्हीईजीएफने दाबून ठेवलेली प्रतिकारशक्ती मोकळी होण्याचाही वाटा मानतात.

आणि मूत्रपिंडाचा क्लिअर सेल? तिथे सुनिटिनिब, सोराफेनिबसारखी व्हीईजीएफचा संकेत रोखणारी औषधं इतर गाठींपेक्षा जास्त चालली, कारण तिथे संकेत हाच आजाराचा कणा आहे. पुढचं पाऊल त्याहून नेमकं होतं. बेल्झुटिफॅन थेट एचआयएफ-२ अल्फाला बीटाशी जोडी करू देत नाही. व्हीएचएल आजाराच्या (हे जनुक जन्मतःच बिघडलेल्या) रुग्णांसाठी ते २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, प्रगत मूत्रपिंड कॅन्सरसाठी २०२३ च्या शेवटी. हे औषध घेताना हिमोग्लोबिन उतरतं, कारण एरिथ्रोपोएटिनचा नळही त्याच एचआयएफच्या हातात आहे. यंत्रणा समजली असेल तर हा दुष्परिणाम पाठ करावा लागत नाही.

राहिला रिपोर्टचा प्रश्न. व्हीईजीएफचा स्टेन मागवू नका. ते पेशीबाहेर सोडलं जाणारं प्रथिन आहे, रंग धूसर येतो, मॅक्रोफेजही ते बनवतात, आणि त्या निकालावर बेव्हॅसिझुमॅब द्यायचं की नाही हे ठरत नाही. रक्तातल्या सीरममध्ये मोजलं तर गोठताना प्लेटलेटमधून सुटलेलंच जास्त मोजलं जातं. एचआयएफ-१ अल्फाच्या स्टेनचीही तीच गत: शस्त्रक्रियेत धमनी बांधल्यापासून तुकडा फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंतच्या वेळात ते चढू शकतं, मग रंग गाठीचा की ऑपरेशन थिएटरमधल्या उशिराचा हे कोण सांगणार? संशोधनासाठी खरी कमतरता पाहायची असेल तर बायोप्सीआधी पिमोनिडाझोल हे कमी ऑक्सिजनच्या पेशींत अडकणारं रसायन देणं किंवा त्याच तत्त्वावरचा एफमिसो पेट स्कॅन हे बरे मार्ग आहेत. रोजच्या रिपोर्टमध्ये मात्र नेहमीच्या रंगाच्या साध्या एचअँडई स्लाइडवर नेक्रोसिस आहे का, किती आहे आणि वाहिनीपासून किती अंतरावर सुरू होतो, हे लिहिलेलं वाचा. लिहिलं नसेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारा. स्लाइड त्यांच्याकडेच असते आणि बघायला पाच मिनिटं लागतात.